पेठ ते सांगली, एक किलोमीटर कमी

ता. १० फेब्रुवारी. माळ्यावरची खोकी उतरवायचं काम आज काढलं आहे. महिनाअखेरीला हे घर सोडायचं. कराडला नऊ वर्षं भाड्याने राहिलेल्या तीन खोल्यांत एवढं सामान कुठून आलं, असं मी नवऱ्याला विचारलं, तर त्याने पुढचं खोकं माझ्या हातात दिलं. पाचव्या खोक्यात माझे पळायचे बूट निघाले. त्यांचे तळ अजून नव्यासारखे आहेत, यावरून माझ्या पळण्याचा अंदाज यावा. बूट कुणाला द्यावेत की राहू द्यावेत याचा विचार करत बसले आणि खोकी राहिली बाजूला, कारण बुटांच्या मागोमाग घरमालक आठवले.

गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून आम्हीही आबाच म्हणू लागलो. साखर कारखान्यात ते छत्तीस वर्षं फिटर होते. आम्ही वर, ते खाली. मला ते ‘वरच्या ताई’ म्हणत, आणि माझ्या नवऱ्याला नुसतं ‘वरचे’. आता ते लोणंदला लेकीकडे असतात. गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदलल्यापासून पळत नाहीत, चालतात. लेक फोनवर सांगते, रोज सकाळी रेल्वेच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा फेऱ्या मारतात, पण आधी खिडकीवर जाऊन फलाटाचं तिकीट काढतात आणि ते खिशात न ठेवता हातात धरून चालतात. तिला ते विचित्र वाटतं. मला वाटत नाही.

या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात पहाटे गच्चीवर कपडे वाळत घालताना मी त्यांना पहिल्यांदा पळताना पाहिलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, खाली फुलपँट, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात दुधाची किटली. मला वाटलं, घरात कुणाला तरी बरं नाही, म्हाताऱ्याला दुधासाठी पळावं लागतंय. मी तातडीने खाली गेले आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आमच्यातलं अर्धा लिटर दूध दिलं. काकूंनी ते घेतलं, पातेल्यात ओतलं आणि मग म्हणाल्या, "आमच्यात पिशवीचं येतं. ती किटली रिकामीच अस्ती."

चाळीस वर्षं ती रिकामीच होती, आणि गावी गेले तरी बरोबर असायची. पळताना कडी वाजू नये म्हणून आबांनी तिला रबरी वायसर बसवले होते आणि झाकण उडू नये म्हणून आतून चाप. पळण्यासाठी इतकी नीट तयार केलेली किटली साऱ्या जिल्ह्यात दुसरी नसेल.

"पळनाऱ्या मानसाच्या हातात काय तरी पायजे," त्यांनी मला एकदा समजावलं. "मोकळ्या हातानं पळनारा एक तर चोर, न्हायतर येडा. किटली दिसली की लोक म्हन्त्यात, दुधाला चाललाय. कोन काय इचारत न्हाई."

"पण आबा, इतक्या वर्षांत कुणाला कळलं नसेल का?"

"सगळ्यास्नी म्हाईत हाय," आबा म्हणाले. "पर म्हाईत हाय आसं कोन म्हनत न्हाई. किटलीचा उपेग त्योच."

जिन्यात त्यांनी लाल रंगाने सूचना लिहिल्या होत्या. खालच्या पायरीशी ‘जिन्यात थांबू नये’ आणि वळणावर ‘थांबल्यास बोलू नये’. आम्ही राहायला आल्यावर दोन महिन्यांनी वरच्या पायरीशी तिसरी आली, ‘बोलल्यास हळू बोलावे’. ती कुणामुळे आली हे नवरा पाहुण्यांनी न विचारताच त्यांना सांगतो.

यंत्र ऐकायची त्यांची एक पद्धत होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत कुठे काय घासतंय ते ऐकू येतं म्हणे. एकदा माझा मिक्सर चालू असताना ते वर आले, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पंधरा दिवस." मी मनात हसले. सोळाव्या दिवशी खोबऱ्याची चटणी अर्धी वाटून झाली असताना मिक्सर जळाला. आबा खालूनच म्हणाले, "एक दिवस जादाच दिला त्येनं."

गुडघे दुखायला लागले तेव्हाही त्यांनी आधी तेच केलं. दारातल्या कट्ट्यावर बसून पाय वरखाली करत होते, टोक गुडघ्याच्या वाटीवर, मूठ कानाला. मी ऑफिसला निघाले होते. "बेरिंग गेलं," मला म्हणाले. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन. दोन्ही गुडघे बदलायचे. नंतर हवं तितकं चाला, पण पळणं बंद. आबांनी नवा गुडघा दाखवायला लावला, उलटापालटा करून पाहिला आणि हा ओतीव आहे की घडीव, असं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. तारीख जानेवारीतली मिळाली, तीन महिन्यांनंतरची.

तिसऱ्या दिवशी आबा एक छापील कागद घेऊन वर आले.

सांगलीच्या काही डॉक्टरांनी शर्यत ठेवली होती. पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत बेचाळीस किलोमीटर, चौघांनी वाटून पळायचं. पहिल्याने आपला टप्पा संपला की हातातली बॅटन दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. बॅटनच्या ओळीखाली आबांनी पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

"ह्येच्यात हातात काय तरी तेच देत्यात," ते म्हणाले. "छातीवर नंबर बी लावत्यात. दुधाला चाललाय म्हनायला जागाच न्हाई." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "चाळीस वर्सं चोरून पळलो, ताई. पाय कापायच्या आदी एकदा समद्यांच्या समोर पळायचं हाय. आन् येळंत पोचायचं. साडेअकराला सांगलीतली शेवटची कमान उतरवत्यात. कमान गेल्यावर पोचलो तर परत दुधालाच गेल्यासारकं."

गट मिश्र होता, दोन पुरुष, दोन बायका. आबांनी पहिल्यांदा काकूंना विचारलं. काकू लसूण सोलत होत्या. "चाळीस वर्सं तुमच्या मागं पळतीयाच की," त्या म्हणाल्या. "आता नंबर लावून पळू व्हय?" मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला रजा नव्हती. सून घरातच होती आणि शाळेत असताना खो-खो खेळलेली. उरलो आम्ही दोघं.

मी हो का म्हणाले ते सांगते. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षा विभागात बावीस वर्षं आहे. उशिरा आलेल्याला आत न सोडणं आणि बाकाखालून कागद काढणाऱ्याला बाहेर काढणं, हे माझं काम. एका माणसाला वेळेत कुठेतरी पोचवणं मला सहज जमेल अशी माझी समजूत होती. शिवाय साडेदहा किलोमीटर म्हणजे किती, हे मला फक्त स्कूटरवरून माहीत होतं.

सरावाच्या पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत पळाले, तिथे दुखण्यावरचं मलम घेतलं आणि रिक्षाने परत आले. दुसऱ्या दिवसापासून आबांनी आम्हाला बरोबर घेतलं. ते पुढे, हातात किटली. मागे न बघता नुसत्या आवाजावरून ते आमची तपासणी करत. नवऱ्याला म्हणाले, "डावा पाय वाजतोय." सुनेबद्दल कधी काही बोलले नाहीत. मला आठवडाभराने म्हणाले, "ताई, तुमचं समदंच वाजतंय."

कुणी कुठला टप्पा पळायचा हे ठरवताना आबांनी एक विचार मांडला. ज्याचं गाव त्याने आपल्याच गावातून पळायचं. कारण अनोळखी रस्त्यावर दमलेला माणूस खुशाल चालायला लागतो, पण ओळखीच्या लोकांपुढे चालत नाही, लाजेने पळतो. "लाज म्हंजी फुकटचं डिझेल हाय," ते म्हणाले. चाळीस वर्षं लाजेपायी किटली वाहिलेल्या माणसाचा अनुभव म्हणून आम्ही तो मानला. इस्लामपुरात माझ्या नवऱ्याच्या मित्राचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, म्हणून पहिला टप्पा त्याचा. त्याच्यापुढे सुनेचं माहेर, दुसरा तिचा. आष्ट्याच्या पुढे रस्त्यालाच माझं माहेर, तिसरा माझा. आबा मूळचे डिग्रजचे, म्हणून त्या गावावरून, कृष्णेचा पूल ओलांडून सांगलीपर्यंत ते.

या योजनेतली चूक आमच्यापैकी तिघांच्या लक्षात आली नाही. मी तर तिचा तक्ता करून चार प्रती वाटल्या. सुनेने आपली प्रत वाचली आणि एवढंच म्हणाली, "आबा, माझं माहेर अगदी रस्त्यावर हाय."

"म्हनून तर," आबा म्हणाले.

"व्हय," म्हणून ती आत गेली.

मग आबांनी नियम मोठ्याने वाचून दाखवले. बॅटन शेवटपर्यंत पळणाऱ्याच्या हातातच राहिली पाहिजे, वाहनातून नेल्यास संघ बाद. ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मी म्हणाले, असं कोण करेल?

शर्यत रविवारी होती, आबांच्या ऑपरेशनच्या चार दिवस आधी. आम्ही ड्रायव्हरसकट एक जीप ठरवली होती. ती पळणाऱ्यांना आपापल्या टप्प्यावर सोडत आणि पळून झालेल्यांना गोळा करत जाणार होती. काकू पुढच्या सीटवर, मांडीवर दशम्यांचा डबा. पहाटे साडेपाचला पेठ नाक्यावरून माझा नवरा सुटला. बॅटन म्हणजे निळ्या रंगाची वीतभर प्लास्टिकची नळी होती. आबांनी ती हातात घेऊन पाहिली होती आणि म्हणाले होते, "बोअरिंगच्या पाइपाचा उरलेला तुकडा हाय."

इस्लामपुरात मित्र दुकान उघडून बसला होता. एकटा नाही, पाचसहा जण. नवऱ्याला हार घातला, चहा दिला, चहाबरोबर पोहे दिले, आणि खाल्ल्याशिवाय कसं पळणार, असं विचारलं. चौदा मिनिटं गेली. तो गळ्यात झेंडूचा हार घेऊन सुनेपाशी पोचला तेव्हा मी त्याला जे बोलले ते जिन्यातल्या तिसऱ्या सूचनेत बसणारं नव्हतं. ‘नाही’ हा एक शब्द माणसाला म्हणता येऊ नये, असं मी म्हणाले. पुढच्या टप्प्यापर्यंत जीपमध्ये मी याच विषयावर होते.

सून कशी पळाली ते आम्ही जीपमधून पाहिलं. स्कूटरवर बायका बांधतात तसा तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, वर काळा चष्मा. माहेरच्या फाट्यावर तिचा भाऊ थर्मास घेऊन उभा होता आणि आल्यागेल्याला निरखत होता. ती त्याच्या अंगावरून गेली. तो आपला पेठच्या दिशेने बघतच राहिला. नवऱ्याने घालवलेला वेळ तिने जवळजवळ भरून काढला. माझ्या हातात बॅटन देताना तिने स्कार्फ खाली ओढला आणि धापा टाकत म्हणाली, "ताई, लाजंनं मानूस पळत न्हाई. लाजंनं मानूस चहा घेतो. स्कार्फ देऊ का?"

मी म्हणाले, मला कोण थांबवतंय.

माझं माहेर टप्प्याच्या बरोबर मध्ये होतं. तोवर मी बरी पळाले, म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांखेरीज मला कुणी मागे टाकलं नाही, कारण मागे कुणी उरलंच नव्हतं. गावाच्या कमानीपासूनच मला दिसलं की आमच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला बायका उभ्या आहेत आणि मध्ये माझी वहिनी, हातात तबक. मी लांबूनच ‘नंतर, नंतर’ असा हात केला आणि वेग वाढवला. वहिनी सरळ रस्त्यात आली.

"वन्सं, आवं दारावरनं पळत गेलासा तर गाव म्हनंल, भावजयीनं हाकलली. ओटी भरल्याबिगार जाऊ द्याची न्हाई मी."

गेली पंधरा वर्षं आमचं घर ती सांभाळते. मी दिवाळीला दोन दिवस जाते आणि सूचना देऊन परत येते. मी थांबले.

पाट मांडलेलाच होता. मी टी-शर्ट आणि ट्रॅकपँटमध्ये, ओटी घ्यायला पदर नाही. शेजारच्या काकींनी आपली ओढणी माझ्या कमरेला बांधली. दोन्ही हातांनी ओढणी पसरायची म्हणून वहिनीने माझ्या हातातली नळी घेतली आणि हे काय, असं विचारलं. मी म्हणाले, पुढे न्यायची आहे, जपून ठेव. तिने जपून देवापुढे ठेवली, घरात नवी वस्तू आली म्हणून हळदकुंकू वाहिलं, आणि मग माझ्याकडे वळली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. एकेका बाईने कुंकू लावलं. एकीने मी वाळल्याचं सांगितलं, दुसरीने तिला खोडून काढलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती. नवऱ्याची चौदा.

मी उठले, ओढणी सोडून दिली, तांदूळ ट्रॅकपँटच्या खिशात भरले, खण कमरेला खोचला आणि निघाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला कबूल केलं पाहिजे की त्यानंतरचा एक किलोमीटर मी सगळ्यात चांगला पळाले. हातात भरीव, जड असं काहीतरी होतं, त्यामुळे तोल चांगला राहत होता. गावाबाहेर ओढ्यावरच्या मोरीपाशी मागून मोटरसायकल आली. भाऊ होता.

"आक्का, तुजी नळी र्‍हायली न्हवं."

मी हाताकडे पाहिलं. हातात नारळ होता.

त्या वेळी मी गोंधळून गेले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी अजिबात गोंधळले नव्हते. परत जाऊन पुन्हा इथवर यायचं म्हणजे दोन किलोमीटर, म्हणजे पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं गेली तर आबांची कमान गेली. जीप आबांना सोडायला पुढे गेली होती, रस्त्यावर भाऊ, मी आणि लांबवर एक ट्रॅक्टर. एवढा विचार मी नीट, क्रमाने केला. मग नारळ त्याच्या हातात दिला, नळी घेतली आणि म्हणाले, हे कुणाला बोलू नको.

"न्हाई बोलत," तो म्हणाला. "पर झालं काय?"

माझा टप्पा संपला तिथे आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि नंबराच्या कागदाच्या चारी कोपऱ्यांना पिना. मी नळी दिली. त्यांचा अंगठा कुंकवावर पडला. त्यांनी अंगठा पाहिला, माझं कपाळ पाहिलं.

"ओटी भरली व्हय?"

"हो."

"बरं केलं," म्हणाले आणि निघाले.

त्यांचं पळणं बघवत नव्हतं. गुडघे वाकतच नव्हते. दोन काठ्यांवर एक शर्ट पुढे सरकावा तसे ते जात होते. पण थांबत नव्हते. जीप मागोमाग हळूहळू नेत आम्ही बघत होतो. डिग्रजच्या फाट्यावर त्यांच्या वयाचे चारपाच म्हातारे कट्ट्यावर बसले होते. मला वाटलं, आता चहा. त्यातल्या एकाने विचारलं, "काय रं, आज किटली कुटं टाकलीस?" आबांनी न थांबता नळी वर करून दाखवली. म्हातारे हसले आणि उठून उभे राहिले. कुणी आडवं आलं नाही. त्यांना सगळ्यांना चाळीस वर्षं माहीत होतंच.

पूल ओलांडून ते सांगलीत शिरले तेव्हा कमानीची एका बाजूची दोरी सोडायला घेतली होती. घड्याळात अकरा वाजून सव्वीस मिनिटं. गळ्यात पदक घातलं, प्रमाणपत्र हातात दिलं. आबा भर रस्त्यात, भर उन्हात, नंबर लावून उभे राहिले आणि कुणीही न सांगता हसले. आठ वर्षांत मी त्यांना बाहेर काही काम नसताना उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मी खिशातले तांदूळ मुठीत धरले आणि दशमी नको म्हणाले.

परतीच्या वाटेवर सगळे पेंगत होते. मोरी मागे गेली आणि माझं गाव लागलं तशी आबांनी मला विचारलं, "नळी कुटं ठिवलीती, ओटी भरताना?"

"देवापुढं."

"आन् निगाला तवा हातात काय व्हतं?"

बावीस वर्षं मी पोरांना हाच प्रश्न विचारत आले आहे. त्यातली बरीच खोटं बोलतात. मला ते जमेल असं वाटलं होतं.

"नारळ," मी म्हणाले.

नवरा हसला. दुसरं कुणी हसलं नाही. सून खिडकीबाहेर बघू लागली. मी सगळं सांगितलं, भाऊ, मोटरसायकल, मोरी, पंधरा मिनिटं. आबा चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी नंबराच्या पिना एकेक करून काढल्या, कागदाची घडी घातली, खिशातून फोन काढला आणि शर्यत भरवणाऱ्या डॉक्टरांना लावला. माझं नाव न घेता सांगितलं की आमची नळी एक किलोमीटर मोटरसायकलवरनं आली, तर आम्हाला बाद करा. पलीकडे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. आबांनी फोन खिशात टाकला.

"हसला त्यो," मग म्हणाले. "म्हनला, राहू द्या आबा, मेडल ठिवा, आशीर्वाद द्या. कारखान्यात एक नट लावायचा र्‍हायला म्हनून सांगितलं तर कोन हसत न्हवतं."

"आबा, चूक माझी आहे."

"चूक कुनाची बी असू द्या. येळंत न्हाई झालं ते न्हाई झालं, ते काय आता हातात न्हाई. पर पुरं तरी व्हाय पायजे. उद्या सकाळी मी जातो आन् तेवढं पळून येतो."

"ह्या पायांनी?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

कराडला घरापुढे जीप थांबली तेव्हा आबांना उतरता येईना. नवरा आणि ड्रायव्हर दोघांनी धरून त्यांना कट्ट्यावर बसवलं. दोन्ही गुडघे पँटीतून भोपळ्यासारखे दिसत होते. मी समोर उभी राहून म्हणाले, तुम्ही कशाला जाता, किलोमीटर माझा आहे. त्यांनी मान वर केली, माझ्या बुटांकडे बघितलं आणि बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी स्कूटर बाहेर काढली. आबा भिंतीला धरून दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी नळी माझ्या हातात दिली. सावकाश जावा, एवढंच म्हणाले. कुंकू त्यांनी पुसलेलं नव्हतं.

पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. वहिनी सडा टाकत होती. "वन्सं, आता काय र्‍हायलं?" तिने बादली खाली ठेवून विचारलं. मी तिला चहा टाकायला सांगितलं, उंबऱ्याला पाय लावला आणि निघाले. छातीवर नंबर नव्हता, पुढेमागे शर्यत नव्हती. सगळं वाजत होतं. वाटेत डेअरीपुढे दूध घालायला माणसं ओळीत उभी होती, निम्मी माझ्या ओळखीची.

"काय गं, काय झालं?" माझ्या वर्गात असलेल्या एकीने विचारलं. "कुनाला काय झालं का?"

"नाही. पळतेय."

"कुटं?"

"त्या मोरीपर्यंत."

"तितं काय हाय?"

"काही नाही," मी म्हणाले आणि मोरीपर्यंत पळाले.